येताना कुठली?

मुंबईला जायचं म्हटलं की आमच्या आटगावात "किती वाजता निघणार?" असं फारसं कुणी विचारत नाही. सकाळची गाडी कुठली हे सगळ्यांनाच पाठ असतं. जाणती माणसं विचारतात, "येताना कुठली?" मुंबईत सांभाळून राहायचं म्हणजे काय, यावर पुष्कळ उपदेश ऐकलेत मी. पण या दोन शब्दांएवढा कामाचा एकही नाही. परतीची गाडी ठाऊक नसलेला माणूस दुपारी चारनंतर घाई करायला लागतो आणि राजधानीत जे काही वाईट घडतं ते बहुतेक घाईतच घडतं. म्हणून हा प्रवास मी शेवटाकडून सांगायला घेतोय.

आटगाव ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ९५ किलोमीटर. लोकलनं दोन-सव्वादोन तास लागतात. मधून ब्लॉक, सिग्नल, मेल पास करणं असलं काही आडवं आलं तर त्याहून जास्त. आपल्याकडे थांबणारी गाडी एकच, कसारा लोकल. मेल-एक्सप्रेस शिट्टी मारत निघून जातात. नवख्या माणसाची फसगत मुंबईच्या टोकाला, इंडिकेटरखाली होते. तिथं कसारा गाडीची खूण इंग्रजी 'एन' आणि आसनगाव गाडीची 'ए एन'. गर्दीत मान वर करून बघताना 'एन' दिसला की माणूस धावतो, आणि गाडी आसनगावला रिकामी होते. आसनगाव म्हणजे आपल्या अलीकडचं एकच स्टेशन, पण रात्री अकराला ते 'एकच' फार लांब असतं. हायवेनं आठ-नऊ किलोमीटर. रिक्षावाला भेटलाच तर भाडं तो म्हणेल ते. ट्रकच्या दिव्यांत चालत निघण्यापेक्षा स्टेशनात बसून मागच्या कसाऱ्याची वाट बघितलेली बरी. त्यामुळे नुसतं अक्षर बघायचं नाही, गावाचं पूर्ण नाव वाचायचं. वाचता येत नसेल तर "कसारा ना?" असं दोघांना विचारायचं. एकाला विचारून भागत नाही. मुंबईत न कळताही "हां हां" म्हणणारे पुष्कळ.

दुसरी गोष्ट, दोन कसारा गाड्यांमध्ये दुपारी तासाभराचं, कधी त्याहून मोठं अंतर असतं. कल्याणपर्यंत दर काही मिनिटांना गाडी मिळते म्हणून तिथपर्यंत येऊन बसावं, हा हिशेब दिवसा चालतो. रात्री नाही. माझा नियम असा की शेवटची कसारा लोकल आपल्यासाठी नाहीच असं समजायचं. तिच्या आधीची ती आपली शेवटची. या दोन्हींच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवायच्या. वेळापत्रक बदलतं, तेव्हा गेल्या वर्षीची आठवण धरून चालू नये, निघायच्या आदल्या दिवशी पाहून घ्यावं. रविवारी जायचं असेल तर मेगाब्लॉकची बातमीही वाचावी. मध्य रेल्वेचा ब्लॉक बहुतेक रविवारी सकाळी अकरा ते चारच्या आसपास असतो आणि त्या वेळात फास्ट गाड्या स्लो लाइनवर येऊन सगळंच रेंगाळतं.

मुरबाडकरांना हे सगळं एक पायरी वाढवून करावं लागतं. त्यांच्याकडे अजून रेल्वे नाही. कल्याणला उतरायचं, एसटी स्थानक गाठायचं आणि मुरबाडची शेवटची गाडी पकडायची. म्हणजे त्यांची परतीची गाडी लोकल नसून ती एसटी आहे आणि घड्याळ तिच्यावर लावायचं.

आता निघण्याची तयारी. आमच्याकडून मुंबईला कोण जातं? मौजेला जाणारे थोडे. परळला केईएम किंवा टाटा, भायखळ्याला जेजे, सायनचं इस्पितळ, मंत्रालय, हायकोर्ट, एखादी परीक्षा किंवा मुलाखत. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, भाद्रपदात लालबाग. म्हणजे जाणाऱ्याच्या डोक्यावर आधीच कसलं तरी ओझं असतं आणि हातात कागदांची पिशवी. मूळ कागद लागणारच असतील तर ते पिशवीत ठेवू नका, अंगाला लागून ठेवा, पिशवीत झेरॉक्स. पैसे तीन ठिकाणी. वरच्या खिशात वीस-पन्नासच्या नोटा, बाकीचे आत, आणि परतीच्या तिकिटापुरते असे की जे पाकीट गेलं तरी जाणार नाहीत. सगळे पैसे फोनात आहेत म्हणणाऱ्या पोरांनाही हे लागू, कारण फोन गेला की त्यांच्याकडे चहाचे दहा रुपयेही उरत नाहीत. फोनवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक येतो. तो घरच्या वहीत लिहून ठेवावा. आणि घरातल्या दोघांचे मोबाइल क्रमांक साध्या कागदावर लिहून म्हाताऱ्याच्या, लेकराच्या खिशात टाकावेत. आपल्याला आता बायकोचासुद्धा नंबर पाठ नसतो.

सोनं घरी ठेवावं. मंगळसूत्र काढायला बायका तयार नसतात, हे मला ठाऊक आहे, तर निदान पदर नीट पिनेनं लावावा.

गाडीत बसल्यावरची पहिली चाळीस मिनिटं आपली चैन असते. सकाळी आटगावला बऱ्याचदा बसायला जागा मिळते. आसनगाव, वाशिंद, टिटवाळा करत डबा भरतो, आणि कल्याणला तो भरणं थांबतं, मग नुसता दाबला जातो. कल्याणनंतर गाडी बहुधा फास्ट असते: डोंबिवली, ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा, टर्मिनस. तुम्हाला दादरला उतरायचं असेल तर उठायचं घाटकोपर गेल्यावर. कुर्ल्याला उठलात तर उशीर झाला. उठताना विचारायचं, "दादर कुठल्या बाजूला?" आणि पुढच्या माणसाच्या खांद्याला हलकं बोट लावून, "दादर उतरणार का?" तो उतरणार असेल तर त्याच्या मागे गप्प उभं राहायचं. गर्दी तुम्हाला उतरवते, तुम्ही उतरत नाही. चालत्या गाडीतून उडी मारून उतरणारे दिसतील. ती कला वीस वर्षांच्या पासाची असते, आणि त्यांच्यातलेही पडतात.

दारात उभं राहू नये, हे मी जरा थांबून सांगतो, कारण ते आपल्याच गाडीवर घडलेलं आहे. ९ जून २०२५ ला सकाळी दिवा-मुंब्र्याच्या वळणावर कसारा-कर्जत मार्गावरच्या दोन लोकल शेजारून गेल्या. दोन्हींच्या पायरीवर माणसं लोंबकळत होती. वळणावर गाडी आतल्या अंगाला कलते, मधली जागा कमी होते, आणि पाठीवर सॅक असेल तर ती आणखी वीतभर बाहेर येते. माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि किमान चार जणांचा जीव गेला. लोंबकळणारे हौशी नव्हते. त्यांना आत शिरायला जागाच नव्हती, हेही खरंच. पण रोज जाणाऱ्याला मस्टर गाठायचं असतं, तुमचं तसं नाही. कल्याणला किंवा ठाण्याला गाडी अशी तुंबलेली आली तर सोडून द्या. आत असाल तर सॅक पुढे छातीवर घ्या आणि दोन बाकांच्या मधल्या जागेत सरका. चौथी सीट मिळाली तर मिळाली, नाहीतर तिथं उभं राहणंही दारापेक्षा शंभर पटीनं बरं.

दाराशी आणखी एक धोका असतो, त्याला मुंबईत 'फटका गँग' म्हणतात. गाडी हळू होते अशा ठिकाणी रुळांच्या कडेला किंवा खांबाला धरून एखादा पोरगा काठी घेऊन उभा असतो. दारात फोन कानाला लावून उभ्या असलेल्याच्या हातावर काठी मारायची, फोन खाली पडतो, तो उचलून पसार. फोन गेल्याचं दुःख परवडतं. माणूस दचकून तोल सोडतो किंवा फोनमागे उडी घेतो, आणि त्यात हात-पाय गमावलेले आहेत. खिडकीतही तसंच, जाळीच्या बाहेर हात काढून बोलू नये.

बायकांच्या डब्याविषयी एक खुलासा. काही डबे दिवसभर बायकांसाठी असतात, काही ठरावीक वेळेपुरते. ते डब्याच्या बाहेर लिहिलेलं असतं. रात्री महिलांच्या डब्यात पोलीस शिपाई बसवलेला असतो. एकटी बाई उशिरा परतत असेल तर तिनं मोकळा डबा बघून बसू नये, तो शिपाई ज्या डब्यात आहे तिथं बसावं. मोकळा डबा दिसला की आपल्याला वाटतं नशीब उघडलं.

दादरला उतरलात की पहिली दोन मिनिटं काहीच करू नका. खांबाच्या किंवा स्टॉलच्या आडोशाला उभे राहा, लोंढा जाऊ द्या. पूल रिकामा झाला की चढा. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आत्ताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर २३ माणसं गेली. पाऊस होता म्हणून लोक जिन्यावरच थांबले, खालून पुढच्या गाड्यांची माणसं येत राहिली, आणि चढणारे-उतरणारे अरुंद जिन्यात अडकले. पुलावर पावसासाठी थांबायचं नाही, भिजायचं. चप्पल सुटली तर वाकायचं नाही, सोडून द्यायची. दोन्ही हात कोपरात दुमडून छातीपुढे धरले की दाटीत श्वासापुरती जागा राहते. लेकरू असेल तर बोट धरून चालवू नका, कडेवर घ्या. चुकामूक झालीच तर कुठं भेटायचं हे गाडीतच ठरवून ठेवा. "दादरला" असं ठरवून उपयोग नाही. पश्चिम आणि मध्य मिळून तिथं चौदा फलाट आहेत. डिसेंबर २०२३ पासून त्यांचे क्रमांक सलग आहेत, पूर्वीसारखे दोन 'एक नंबर' नाहीत, हे बरं झालं. "आठ नंबरवर, तिकीट खिडकीकडच्या जिन्याखाली" इतकं बारीक ठरवावं.

केईएम आणि टाटाला जाणाऱ्यांना परळ हवं असतं आणि फास्ट गाडी परळला थांबत नाही. कुर्ल्याला किंवा दादरला उतरून स्लो पकडायची. रुळांवरून पलीकडे जायचा मोह तिथंही होतो, आणि आपल्याकडे तर ती सवयच आहे, शेताचा बांध ओलांडावा तसे रूळ ओलांडतो आपण. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो. गावाकडच्या रुळावर गाड्या त्यामानानं कमी. तिथं चार रूळ, त्यावर चार गाड्या, आणि एकीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडतो.

शहरात शिरल्यावर रिक्षा शोधू नका. सायन आणि वांद्र्याच्या खाली, म्हणजे जुन्या मुंबईत, रिक्षाला परवानगीच नाही. तिथं काळी-पिवळी टॅक्सी. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला टॅक्सीचे ३१ रुपये आणि उपनगरात रिक्षाचे २६. बसताना मीटर टाकायला सांगायचं, तो टाकत नसेल तर उतरायचं. 'किती घेणार?' असा प्रश्न विचारला की तुम्ही बाहेरगावचे आहात हे त्याला कळतं. बेस्टची बस सगळ्यात स्वस्त आणि कंडक्टर सगळ्यात भरवशाचा. त्याला "केईएम आलं की सांगा" म्हटलं की तो सांगतोच.

गाडी खरी की खोटी हे ओळखायची रीत जगभर सारखीच आहे. क्रिकेटवेड्यांना पोर्ट ऑफ स्पेन आठवत असेल, १९७१ साली सुनील गावसकरनं कसोटीत पदार्पण केलं ते त्रिनिदादच्या राजधानीचं गाव. तिथं भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट 'एच' अक्षरानं सुरू होते, आणि पाहुण्याला पहिली सूचना हीच मिळते की 'एच' नसलेल्या गाडीत बसू नका. आपल्याकडे पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याची गाडी. "चला दादा, शंभरात सोडतो" म्हणणाऱ्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत बसू नका. ॲपवरून बोलावलेल्या गाडीचे शेवटचे चार आकडे जुळवून मगच दार उघडा.

फसवणुकीच्या तऱ्हा फारशा बदललेल्या नाहीत, आणि त्या आपल्यासारख्यांसाठीच बेतलेल्या असतात. एक जुनी तऱ्हा अशी. म्हाताऱ्या बाईला गाठून सांगायचं, "मावशी, शेटला नातू झालाय, पुढं साड्या वाटतायत, पण अंगावर सोनं दिसलं तर देत नाहीत, काढून रुमालात बांधा." रुमाल बांधायला तोच मदत करतो. घरी आल्यावर रुमालातून खडे निघतात. दुसरी तऱ्हा तोतया पोलिसांची: "पुढं गडबड झालीय, दागिने काढून कागदात ठेवा." खरा पोलीस कुणालाही रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही, एवढं एक वाक्य घरातल्या प्रत्येक म्हातारीला पाठ करून घ्यावं. माझ्या चुलतीनं तो रुमाल बांधून घेतलेला आहे. तिला सोन्यापेक्षा जास्त लागलं ते हे की तो पोरगा तिला "मावशी" म्हणाला होता.

इस्पितळांच्या दारात दलाल असतात. "लवकर नंबर लावून देतो", "औषध स्वस्तात आणतो", "राहायची सोय करतो". केसपेपर खिडकीवरच मिळतो, आणि पैशांची अडचण असेल तर मोठ्या सरकारी-महापालिका इस्पितळांत समाजसेवा विभाग असतो, तिथं विचारायचं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक तिथं वर्षानुवर्षं राहत आले आहेत. मंत्रालयात जायचं तर ओळखपत्र हवं, आणि सर्वसामान्य अभ्यागतांना सोडायला सुरुवात होते ती दुपारी. सकाळी दहाला जाऊन फाटकाबाहेर ताटकळणाऱ्यांजवळ येऊन "आत ओळख आहे" म्हणणारा भेटतोच. त्याची ओळख तुमच्या पाकिटाशी असते.

पावसाळ्यात हिशेब वेगळा. मुंबई जे पाणी पिते त्यातलं निम्मं आपल्या शहापुरातल्या भातसा धरणाचं. तानसाचं पाणी तर १८९२ पासून जातंय. आपल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो आणि पावसाळ्यात त्याच मुंबईत पाणी तुंबलं म्हणून आपण अडकतो, हा न्याय मला कधी उमगला नाही. असो. कुर्ला, सायन, चुनाभट्टी, मशीद इथले रूळ आणि परळचा हिंदमाता चौक ही पाणी भरायची ठरलेली ठिकाणं. जोरदार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एका वेळी आली की पाणी समुद्रात जायचं थांबतं. भरतीची वेळ सकाळच्या पेपरात असते, ती बघून निघावं. रस्त्यावर पाणी असेल तर त्यातून चालू नये. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अशाच पाण्यातून चालताना एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये गेले, आणि ते मुंबईचेच होते. चालावंच लागलं तर छत्री मिटून काठीसारखी पुढं टेकत चाला. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६. आणि अडचण फक्त मुंबईतच होते असंही नाही. ७ जुलै २०२४ ला आटगाव ते थानशीतच्या मध्येच रुळांवर माती आली, वाशिंदला झाड पडलं आणि कसारा मार्ग बंद झाला. असं झालं तर कल्याणलाच थांबावं, नातेवाइकाकडे किंवा स्टेशनात. रात्री हायवेला हात दाखवत उभं राहू नये.

काही गेलंच, तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं ते सांगतो. गाडीत किंवा फलाटावर असाल तर १३९ रेल्वेचा, १५१२ रेल्वे पोलिसांचा. बाकी कुठंही ११२, रुग्णवाहिकेला १०८, हरवलेल्या लेकरासाठी १०९८. तक्रार 'त्याच स्टेशनला करा' असं सांगून कुणी परत पाठवायला लागलं तर शांतपणे 'झीरो एफआयआर' हे शब्द उच्चारा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. फोन गेला असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला कळवा. पैसे खात्यातून गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रारीची प्रत मिळाली की 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर तो घरच्या वहीतला पंधरा आकडी क्रमांक घालून फोन बंद करता येतो.

आता परत. संध्याकाळी पाच ते आठ टर्मिनसला कसारा गाडी लागायच्या आधीच लोक उलट्या बाजूनं उड्या मारून जागा धरतात. त्यांच्या वाटेत येऊ नका. शक्य असेल तर चारच्या आधीची पकडा, नाहीतर नऊनंतरची. मधल्या वेळात टर्मिनसच्या मोठ्या हॉलमध्ये बसा, वडापाव खा, पिशवीच्या पट्ट्यात पाय अडकवून ठेवा. दिलेलं काही खाऊ नका, पाणीही नको.

रात्रीच्या गाडीत कल्याण गेलं की डबा रिकामा व्हायला लागतो आणि झोप येते. टिटवाळ्यानंतर हमखास. आटगाव चुकलं तर पुढं थानशीत, खर्डी, उंबरमाळी आणि मग कसारा, आणि तिथून रात्री परत यायला गाडी नसते. म्हणून खडवलीचा गजर लावायचा. जिथं चार माणसं बसलीत तिथं बसायचं, आणि त्यांतल्या एखाद्याला "आटगाव" सांगून ठेवायचं. या मार्गावर ते चालतं. लोक उठवतात.

वाशिंद आलं की घरी फोन करायचा. आमच्याकडे त्याला एकच वाक्य असतं, "वाशिंद सोडलं." तेवढं ऐकून घरचा पोरगा टॉर्च घेतो आणि गाडीला किक मारतो. आसनगाव होऊन आटगाव येईपर्यंत तो स्टेशनबाहेर येऊन उभा राहतो. गाडी पूर्ण सुटू द्यायची, तिच्या मागच्या लाल दिव्यानंतर पुलावरून पलीकडे जायचं, आणि पावसाळा असेल तर पाऊलवाटेवर टॉर्च जमिनीवर धरायची, कारण त्या वेळेला फुरसं बाहेर असतं.